अनिच्छेच्या अक्षय्यतेचा नियम

परदेशात संगणक क्षेत्रातील नोकरी कशी मिळवावी, या विषयावरील मार्गदर्शनाची आज मुळीच टंचाई नाही. आत्मपरिचय एका पानात कसा बसवावा, तो चाळणाऱ्या यंत्राला कोणते शब्द आवडतात, मुलाखतीत पगाराचा आकडा प्रथम कोणी उच्चारावा आणि पहिल्या हिवाळ्यासाठी कोट पुण्यातून न्यावा की तिथेच घ्यावा, या सर्व प्रश्नांची उत्तरे उपलब्ध आहेत. मात्र ज्या प्रश्नावर भले भले अर्ज अडतात, त्याची बोळवण या साहित्यात ‘कुटुंबाशी चर्चा करून घ्यावी’ एवढ्या एका ओळीत केलेली असते. ही सूचना लिहिणाऱ्याने स्वतः ती चर्चा कधी केली असावी असे वाटत नाही, कारण केली असती तर त्या ओळीचे किमान तीन खंड झाले असते.

प्रस्तुत विवेचन हे त्या न लिहिल्या गेलेल्या तीन खंडांची प्रस्तावना होय. पती-पत्नींपैकी ज्याला परदेशी जायचे आहे त्यास येथे ‘इच्छुक’ आणि ज्याला जायचे नाही त्यास ‘अनिच्छुक’ म्हटले आहे. ‘नाखूश’, ‘हट्टी’ आणि ‘तुझ्या घरच्यांसारखा’ या प्रचलित संज्ञा शास्त्रीय काटेकोरपणाच्या अभावी टाळल्या आहेत. अभ्यासाची सामग्री कोथरूड, बाणेर, वाकड आणि खराडी येथील दिवाणखान्यांतून, यजमानांच्या चहापोह्यांच्या आधाराने गोळा झालेली असून, माहिती देणाऱ्याचा जोडीदार ट्रे घेऊन बाहेर येताच सामग्रीचा दर्जा एकदम खालावतो, ही या पद्धतीची मर्यादा होय. प्रस्तुत लेखकास संगणकाची एकही भाषा येत नाही. तथापि या चर्चांत ती कोणालाच लागत नसल्यामुळे निष्कर्षांना बाधा पोहोचत नाही.

अर्थशास्त्राने या विषयाची नीट दखल घेतली ती १९७८ मध्ये. जेकब मिन्सर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने त्या वर्षी कुटुंबांच्या स्थलांतरावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि असे मांडले की, एकटा माणूस स्वतःचा फायदा पाहून गाव सोडतो, पण जोडपे दोघांच्या फायद्यातोट्याची बेरीज पाहून सोडते. त्यामुळे बेरीज अधिक आली तर ज्याचे व्यक्तिशः नुकसान होणार आहे तोही निघतो, आणि उणे आली तर ज्याचा लाभ होणार होता तोही थांबतो. यांतील पहिल्यास ‘जखडलेला प्रवासी’ आणि दुसऱ्यास ‘जखडलेला रहिवासी’ म्हणता येईल. सिद्धान्त निर्दोष आहे. फक्त ही बेरीज कोणाच्या वहीत, कोणाच्या अक्षरात आणि जेवणाआधी की जेवणानंतर मांडायची, याबाबत मिन्सर मौन बाळगतात. पुण्यातील घरांत ती इच्छुक व्यक्ती एक्सेलमध्ये मांडते, त्यात युरोतील पगार, कर, घरभाडे आणि शिल्लक असे रकाने असतात, शेवटच्या ओळीला हिरवा रंग दिलेला असतो, मग अनिच्छुक व्यक्ती चष्मा लावून ती संपूर्ण वाचते आणि विचारते, “यात आईंना रात्री उठवून औषध कोण देणार, ते कुठल्या रकान्यात आहे?” तिथून पुढची सूत्रे चालत नाहीत.

मानसशास्त्राची मदत घ्यावी तर तीही बेताचीच होते. टॉमस होम्स आणि रिचर्ड रे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील उलथापालथींची एक यादी करून प्रत्येकीच्या ताणाला आकडा दिला; लग्नाला ५०, घर बदलण्याला २०, जोडीदाराने नोकरी धरण्याला किंवा सोडण्याला २६ आणि सासरच्या मंडळींशी होणाऱ्या खटक्यांना २९. वाकडमधील एका इच्छुक पतीने ही यादी घरी दाखवली ती घर बदलणे किती किरकोळ आहे हे पटवण्यासाठी. परंतु पत्नीने ती हातात घेऊन घरबदलाचे २० आणि स्वतःची नोकरी सोडण्याला त्याच यादीतले २६ असे ४६ जमेस धरले, सासर दुरावल्याचे २९ वजा केले, आणि उरलेल्या १७ गुणांच्या भरपाईपोटी परदेशात मोठी बाल्कनी असलेल्या घराची मागणी नोंदवली. पती म्हणाला, “अगं, ही यादी वजाबाकीसाठी नाहीये.” पत्नी म्हणाली, “मग माझ्यासमोर कशाला आणलीस?” सासूबाई त्या वेळी देवळात गेलेल्या होत्या, म्हणून हे गणित शास्त्राला उपलब्ध होऊ शकले.

जोडीदाराचे मोल ठरवण्यात खरा निःसंकोचपणा दाखवला आहे तो सरकारांनी. कॅनडाने जानेवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या पद्धतीत कुशल अर्जदाराला १,२०० पैकी गुण दिले जातात. अविवाहिताला वय, शिक्षण, भाषा आणि कॅनडातील अनुभव यांसाठी जास्तीत जास्त ५०० गुण मिळू शकतात. विवाहिताला मात्र त्याच गोष्टींसाठी ४६० च मिळतात, आणि उरलेले ४० जोडीदाराने मिळवून द्यायचे असतात: शिक्षणाचे १०, भाषेचे २० आणि कॅनडातील नोकरीचे १०, यांपैकी शेवटचे १० कर्वे रस्त्यावर राहून मिळत नाहीत. लग्नानंतर माणसाची किंमत थोडी घटते आणि ती दुसऱ्याने भरून काढायची असते, हे तत्त्व अनेक सासवांनी वर्षानुवर्षे तोंडी सांगितलेले असले तरी ते कोष्टकात मांडण्याचा मान ओटावाकडे जातो. शिवाय जोडीदार सोबत येणार नाही असे अर्जात नमूद केले, तर अर्जदाराचे गुण अविवाहिताप्रमाणे मोजले जातात. ही तरतूद वाचून बाणेरमधील एका पतीने निव्वळ गणिती उत्साहाने सुचवले की, “तुला तसंही यायचं नाही, तर फक्त कागदावर तसं लिहू या.” त्यानंतरचे चार दिवस त्या घरात जो संवाद झाला तो सर्वस्वी कागदावरच झाला, आणि ते कागद फ्रिजला लावलेले होते.

ऑस्ट्रेलियाचा हिशेब याहून मोकळा आहे. तेथे नोव्हेंबर २०१९ पासून कुशल व्यवसाय आणि इंग्रजी या दोन्ही कसोट्यांना उतरणारा जोडीदार असल्यास १० गुण मिळतात, नुसते इंग्रजी येणारा असल्यास ५ मिळतात, आणि जोडीदारच नसल्यास पुन्हा १० मिळतात. म्हणजे उत्तम संसार आणि संसाराचा अभाव या दोन अवस्था कॅनबेराच्या मते समान सुखाच्या असून, कष्ट आहेत ते मधल्यांना. जर्मनीने जून २०२४ मध्ये ‘शाँसेनकार्टे’ हे नोकरी शोधण्यासाठीचे परवानापत्र सुरू केले; गुणांच्या आधारे ते मिळवायचे तर किमान ६ गुण लागतात. पात्र जोडीदाराने सोबत अर्ज केल्यास १ गुण मिळतो आणि उत्तम इंग्रजीसाठीही १ च मिळतो. सिंगापूरमध्ये आश्रित म्हणून जोडीदाराला नेण्यासाठी नोकरदाराचा मासिक पगार किमान ६,००० सिंगापुरी डॉलर असावा लागतो, आणि मे २०२१ पासून त्या आश्रिताला नोकरी करायची असेल तर स्वतःचा वेगळा परवाना मिळवावा लागतो. अमेरिकेत एच-१बी या कुशल कामगारांच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ हा आश्रित व्हिसा मिळतो. त्यावर काम करण्याची मुभा २०१५ पर्यंत नव्हतीच आणि त्यानंतरही ती ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्याच जोडीदारांना मिळाली. अनिच्छुकांचे म्हणणे कधी कधी परकी सरकारे इतक्या प्रभावीपणे मांडतात की घरात कोणाला तोंड उघडावे लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क जाहीर झाले, त्या आठवड्यात खराडीतील एका अनिच्छुक पत्नीने इतका मनापासून केळे घालून शिरा केला की पतीला कारण विचारण्याचे धैर्य झाले नाही.

अनिच्छेचे बाह्य स्वरूप अभ्यासताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की, ती कधीही स्वतःच्या नावाने घरात वावरत नाही. “मला यायचं नाही” हे वाक्य संपूर्ण सामग्रीत कोठेही आढळले नाही. त्याऐवजी आढळले ते आईचा गुडघा, फ्लॅटचे हप्ते, वीस वर्षांपासूनची पोळ्यांची बाई आणि मुलाचे वय. यांतील मुलाच्या वयाचा मुद्दा सर्वांत टिकाऊ असतो. एक वर्षाच्या आतील मूल फार लहान असते, दोन वर्षांचे नुकते बोलू लागलेले असते आणि कानावर तीन भाषा पडल्या तर गोंधळेल अशी भीती असते, चौथ्या वर्षी मोठ्या मिनतवारीने चांगल्या शाळेत प्रवेश मिळालेला असतो, आठव्या वर्षी त्याला जिवाभावाचे मित्र मिळालेले असतात, तेराव्या वर्षी त्याला काहीही विचारण्याची सोय नसते आणि त्यानंतर दहावी येते. मानवी बालकाच्या आयुष्यात स्थलांतरास योग्य असा एकही महिना नाही, हे यातून निर्विवाद सिद्ध होते; तरीही शेजारच्या इमारतीतील कुटुंबे मुलांसह जात राहतात, तेव्हा त्यांच्याविषयी “त्यांचं वेगळं आहे” एवढेच म्हटले जाते.

या सर्व कारणांच्या तळाशी एक खरे कारण असते आणि ते सर्वांत कमी वेळा उच्चारले जाते. संगणकासाठी आज्ञावली लिहिणे हा अशा थोड्या व्यवसायांपैकी एक आहे की जो हिंजवडीत आणि हॅम्बुर्गमध्ये अक्षरशः त्याच चिन्हांत करता येतो. उलट वकिली त्या देशाच्या कायद्याला, दंतवैद्यक तिथल्या परवान्याला आणि शाळेतील मराठीचे अध्यापन तर थेट मराठीलाच बांधलेले असते. म्हणून एकाची नोकरी बॅगेत मावते आणि दुसऱ्याची मावत नाही, आणि जिची मावत नाही ती दंतवैद्य पंधरा वर्षे जमवलेल्या रुग्णांविषयी बोलण्याऐवजी सासूच्या गुडघ्याविषयी बोलते, कारण गुडघ्याला समाजमान्यता अधिक आहे. भूमिका उलट झाल्यास संज्ञाही बदलतात. परदेशी नोकरी पत्नीला मिळाली आणि पती अनिच्छुक निघाला, तर त्याच्या अनिच्छेला ‘व्यवहारी विचार’ म्हणतात, त्याला दोन्हीकडील वडीलधाऱ्यांचा पाठिंबा मिळतो, आणि एरवी बारशालाही न फिरकणारे काका गाडी काढून केवळ तिला समजवायला येतात.

अशा वातावरणात नोकरीचा शोध सुरू होतो तो साहजिकच गुप्तपणे. इच्छुक व्यक्ती मध्यरात्री लिंक्डइनवरील आपल्या माहितीत ‘स्थलांतरास तयार’ असा शेरा चढवते, आणि सकाळी पत्नीला तिच्याच कार्यालयाच्या लिफ्टमध्ये सहकारी विचारतो, “अभिनंदन! कुठे निघालात?” त्यावर “मलाही आत्ताच कळतंय” असे हसून सांगणारी पत्नी संध्याकाळी घरी येते तेव्हा हसत नसते. पुढची पायरी अर्जांची. मोठ्या कंपन्यांत हे अर्ज आधी छाननी करणारे सॉफ्टवेअर वाचते, ते ठरावीक शब्द शोधते आणि न सापडल्यास नम्र नकार पाठवते. चौदा वर्षांच्या अनुभवाच्या एका अभियंत्याला असे नकार रात्री दोन वाजता एकामागून एक आले, आणि तपासाअंती असे निष्पन्न झाले की त्या यंत्रणेचा नकार देणारा भाग त्याच्याच हाताखालच्या गटाने एका ग्राहकाला लिहून दिलेला होता. “काम चांगलं झालंय रे तुमचं,” अशी दाद पत्नीने अंथरुणातूनच दिली.

यातूनही एखादा अर्ज पार पडला तर दूरचित्र-मुलाखत ठरते. जर्मनीचे घड्याळ भारताच्या मागे, उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास, असते. त्यामुळे तिथली चहाची वेळ ही पुण्यात कुकर, आरती, मालिका आणि पार्सल घेऊन आलेला मुलगा या चौघांची सामायिक वेळ ठरते. यावर उपाय म्हणून आसपासचा गोंगाट गाळणारे सॉफ्टवेअर बसवले जाते. एका मुलाखतीत या सॉफ्टवेअरने उमेदवाराचा दबका, अडखळता आवाज गोंगाट समजून गाळून टाकला आणि स्वयंपाकघरातील खणखणीत आवाज तेवढा शुद्ध स्वरूपात म्युनिकला पोहोचवला. परीक्षकाने विचारले होते की, कुटुंबाची स्थलांतराची तयारी आहे ना, उमेदवाराने “पूर्ण तयारी आहे” असे इंग्रजीत सांगितले, आणि आतून मराठीत प्रश्न आला, “कोण म्हणालं?” हे कोण बोलले, असे परीक्षकाने कुतूहलाने विचारताच उमेदवार प्रसंगावधान राखून उत्तरला, “आमच्याकडे अंतिम मंजुरी देणारे पद.” परीक्षकाने ‘निर्णयप्रक्रियेची उत्तम जाण’ असा शेरा मारला आणि उमेदवार पुढच्या फेरीत गेला.

नोकरी दृष्टिपथात आली की कागदपत्रांचा टप्पा येतो, आणि या टप्प्याची गंमत अशी की, जोडीदार येणार की नाही हे ठरण्यापूर्वी तो जोडीदार आहे हे सिद्ध करावे लागते. सातशे पानांचे जेवण झालेल्या विवाहाचा सरकारदरबारी कसलाही मागमूस नसतो. महाराष्ट्रात विवाहनोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे. त्याप्रमाणे लग्नानंतर बारा वर्षांनी नोंदणीला निघालेल्या जोडप्याला लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही जमवायची असते. अशा एका जोडप्याच्या तीन साक्षीदारांपैकी एक मामा लग्नात मानपान न झाल्यामुळे रुसलेले होते आणि त्यांनी आपण तेथे उपस्थित नव्हतोच अशी भूमिका घेतली. गुरुजींचा शोध घेतला तेव्हा कळले की ते न्यू जर्सीला स्थायिक झाले असून शनिवार-रविवारी सत्यनारायणांमुळे त्यांना फुरसत नसते, त्यांच्या पत्नीने परदेशी जाण्यास विरोध केला होता का, या प्रश्नावर गुरुजी फोनवर म्हणाले, “तीच आधी आली, मी मागून आलो.” शेवटी सर्व सह्या झाल्या, आणि भारत २००५ पासून ज्या आंतरराष्ट्रीय करारात आहे त्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाची ‘अपोस्टील’, म्हणजे अनेक देशांत दाखला ग्राह्य ठरवणारी मोहोर, त्यावर लागली. विवाह खरा आहे हे आता पुणे आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी मान्य झाले. पत्नीने आपले मत राखून ठेवले.

यानंतर नियुक्तिपत्र येते, आणि येथे प्रस्तुत अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष हाती लागतो. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांत राजीनाम्यानंतर अनेकदा नव्वद दिवस थांबावे लागते. हा काळ हस्तांतरासाठी असतो असे म्हणतात, मात्र हस्तांतर कशाचे होते हे कोणी पाहत नाही. निरीक्षण असे की, पत्र आल्याच्या संध्याकाळी अनिच्छुक पत्नी ते दोनदा वाचते, सुट्ट्यांच्या दिवसांची संख्या पाहते, गॅस बंद करते आणि म्हणते, “ठीक आहे. जाऊ या.” त्या क्षणी इच्छुक पतीच्या चेहऱ्यावरील रंग उडतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला कर कापून हातात येणाऱ्या रकमेची काळजी वाटू लागते, ज्या आईला आजवर फिजिओथेरपीला पत्नीच नेत होती तिच्या गुडघ्यातून येणारा आवाज त्याला प्रथमच ऐकू येतो, वर्षभरात न भेटलेल्या ट्रेकच्या मित्रांशिवाय आपण कसे जगणार असा प्रश्न पडतो, आणि वाकडच्या पुलाखाली गाडीत अडकलेला असताना तो उद्गारतो, “इथेही आता काही वाईट नाहीये.”

“आयुष्यात एकदाच संधी येते, असं कोण म्हणत होतं?” पत्नी विचारते.

“संधी काय, येत राहते गं.”

भौतिकशास्त्रात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आहे. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, ती केवळ रूप बदलते. त्याच धर्तीवर असे मांडता येईल की, एका संसारातील अनिच्छेची एकूण मात्रा कायम असते. ती नाहीशी होत नाही, फक्त एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे जाते. जोपर्यंत एकजण नकार सांभाळत असतो तोपर्यंत दुसऱ्याला धाडसी राहता येते, कारण जाण्याची वेळ येणार नाही याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते. आणि ज्या दिवशी नकार देणारा हात झटकून मोकळा होतो, त्या दिवशी नकार मालकाविना पडून राहत नाही. कित्येक इच्छुकांची इच्छा ही वस्तुतः जोडीदाराच्या अनिच्छेवर काढलेले कर्ज असते, आणि परतफेडीची मुदत नव्वद दिवसांची असते.

नियमाची दुसरी प्रचिती परदेशात पोहोचल्यावर येते. जर्मनीत अनेक घरे भाड्याने मिळतात ती स्वयंपाकघराविना, म्हणजे ओटा, कपाटे आणि चूल भाडेकरूने स्वतः आणायची असते. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, रविवारी दुकाने बंद असतात, कचरा कोणत्या डब्यात कोणता टाकावा याचे नियम असतात आणि जिना झाडण्याची पाळी कोणाची, हे दाराशी लावलेले असते. या सगळ्याने खचून जातो तो हौसेने आलेला पती. पत्नीला मात्र दुसऱ्याच आठवड्यात जाणवते की, दुकानदाराने गिऱ्हाइकाला वेळ पाळायला लावणे, अनोळखी माणसाने रस्त्यात चूक दाखवणे आणि घरमालकाने भिंतीवर सूचना लिहून ठेवणे, या गोष्टींत आपले सारे बालपण गेले आहे. हे शहर म्हणजे सदाशिव पेठच असून फक्त रस्ते रुंद आहेत. काचेच्या बाटल्या रविवारी टाकू नयेत, कारण आवाज होतो, असे एका वृद्ध शेजारणीने तिला पहिल्या महिन्यात सुनावले. तिसऱ्या महिन्यात तिने तेच एका जर्मन तरुणाला सुनावले, आणि शेजारणीने खिडकीतून मान डोलावली. तिचे स्थलांतर त्या रविवारी पूर्ण झाले.

पतीचे कार्यालय सर्वस्वी इंग्रजीत चालते, त्यामुळे तीन वर्षे जर्मनीत राहूनही त्याची जर्मन भाषा पावाच्या दुकानापुढे सरकत नाही. ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यावर असलेल्याला कायम वास्तव्याचा हक्क ए१ या प्राथमिक पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी आणि बी१ या पुढच्या पातळीवर २१ महिन्यांनी मिळू शकतो. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र येण्यापूर्वी जर्मनची कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर नोकरीवर बंधनही नसते. व्यवहारात घडते ते असे की, ज्याला परीक्षेचा उपयोग आहे तो ती देत नाही, आणि जिला सक्ती नाही ती, पूर्वी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हौसेखातर शिकलेले उजळून, बी१ आणि बी२ पार करते व दंतवैद्यकाच्या परवान्याची तयारी सुरू करते. शाळेच्या पालकसभेत ती भांडते आणि तो शेजारी बसून हसतमुखाने मान हलवतो. आपण कशाला मान हलवली हे त्याला घरी आल्यावर समजते: शाळेच्या सहलीसाठी बारा डझन बटाटेवडे करायचे असतात.

अशाच एका मध्यरात्री तो संगणक उघडतो. अनेक जर्मन कंपन्यांनी पुणे परिसरात आपली तंत्रज्ञान केंद्रे काढलेली असल्यामुळे जाहिराती भरपूर असतात; तो आपल्या माहितीत ‘पुण्यात स्थलांतरास तयार’ असा शेरा गुपचूप चढवतो, आणि सकाळी न्याहारीच्या वेळी विषय काढतो.

“आईचा गुडघा हल्ली फारच दुखतो म्हणे.”

“त्यांना इकडे बोलावू या. इथले डॉक्टर चांगले आहेत.”

“पण आपली माणसं…”

“आणि याची शाळा? आत्ता कुठे भाषा बसतेय त्याची. दहावी होऊ दे, मग बघू.”

जर्मनीत दहावीचे तसे प्रस्थ नाही, हे तो सांगू शकला असता; पण मुद्दा दहावीचा नाही हे त्यालाही ठाऊक असते. नऊ वर्षांचा मुलगा दोघांकडे पाहतो आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणतो; पत्नी हसते, आणि पतीला त्याचा अर्थ विचारावा लागतो.

या साऱ्यावरून सरकारांना एक नम्र सूचना करता येईल. व्हिसाच्या अर्जात मुख्य अर्जदार कोण आणि आश्रित कोण, हे विचारण्यासाठी बरीच जागा खर्च केलेली असते, वास्तविक या दोन्ही भूमिका विमान उतरल्यावर काही महिन्यांतच बदलू शकतात. त्याऐवजी ‘कुटुंबातील अनिच्छा सध्या कोणाकडे आहे?’ असा एकच रकाना ठेवावा, उत्तर दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहावे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत छापावे की, येथे दिलेली माहिती अर्जाच्या तारखेपुरतीच ग्राह्य धरली जाईल.